आधी भागभांडवल, मग साखर

30 सप्टेंबर 2023, शनिवार. हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत टेनिसच्या मिश्र दुहेरीची अंतिम लढत सुरू होती. पहिला सेट चायनीज तैपेईच्या जोडीने 6-2 असा घेतला, तेव्हा आमच्या घरात टीव्हीसमोर सगळे गप्प झाले. दुसरा सेट रोहन बोपण्णा आणि ऋतुजा भोसले यांनी 6-3 असा खेचून आणला. मग तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक. त्यात दोन चुका झाल्या तरी सामना हातचा जाऊ शकतो. तो या जोडीने 10-4 असा जिंकला. भारताला त्या स्पर्धेत टेनिसचं एवढं एकच सुवर्ण मिळालं. बोपण्णा 43 वर्षांचा, ऋतुजा 27 वर्षांची. ऋतुजा आपल्या श्रीरामपुरात जन्मलेली, म्हणून मला त्या दिवशी घरातलंच कुणी जिंकल्यासारखं वाटलं.

हे सुवर्ण हुकलंही असतं. त्याआधी खेळ सोडून द्यावा, असं ऋतुजाच्या मनात आलं होतं. पती स्वप्निल गुगळे, म्हणजे महाराष्ट्राचा रणजीपटू, पाठीशी उभा राहिला म्हणून ती टिकली. अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळून आलेल्या मुलीवर ही वेळ का यावी?

आपल्याला विंबल्डन दिसतं, त्याच्या खालचा संसार दिसत नाही. सर्वांत खालच्या पायरीवर अख्ख्या स्पर्धेचं बक्षीस 15 हजार डॉलर असतं. ते एकेरी-दुहेरीच्या सगळ्या खेळाडूंत वाटलं जातं. विमानाचं तिकीट, खोलीभाडं, प्रशिक्षकाचा खर्च मात्र ज्याचा त्याने करायचा.

म्हणून खेळाडू देश बदलतात. मॉस्कोत जन्मलेली एलेना रिबाकिना 2018 मध्ये कझाकस्तानकडून खेळू लागली, कारण त्या देशाने तिचा खर्च उचलला. 2022 मध्ये तिने विंबल्डन जिंकलं. मी तिला दोष देणार नाही. पण आपल्याकडे 2008 पासून भारतीय पासपोर्ट असेल तरच भारताकडून खेळता येतं. पोटासाठी परदेशी नागरिक झालेली मुलगी आपल्या संघाला मुकते.

श्रीरामपूरचा हा आपला जिल्हा सहकाराचा. 1950 साली प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने कारखाना उभा राहिला, तेव्हा शेतकऱ्यांनी शेअरचे पैसे आधी भरले, साखर मग पाहिली. खेळाडूच्या बाबतीत मात्र आपण उलटं वागतो. पदक आलं की शाल-श्रीफळ घेऊन रांग लावतो.

जिल्ह्यातल्या कारखान्यांना, पतसंस्थांना, बाजार समित्यांना माझी हात जोडून विनंती आहे. दर वर्षी एका मुलीच्या प्रवासाचा खर्च उचला. सत्कार नंतर झाला तरी चालेल, तिकीट मात्र वेळेवर काढा.