मोहोळ जाळण्यापूर्वी

कर्नाळ्याच्या सुळक्यावर आग्या मोहोळे लोंबताना पाहून आपण कौतुकाने मान वर करतो. तेच मोहोळ इमारतीच्या सज्जाखाली लागले की मात्र टेंभा पेटतो. हा कुठला न्याय?

मधमाशी म्हणजे केवळ मध, ही समजूत मला अपुरी वाटते. आग्या उघड्यावर पोळे बांधते. सातेरीला झाडाची ढोली किंवा भिंतीतील पोकळी लागते. फुलोरी झुडपाच्या फांदीवर लहानसे पोळे करते. काळा भुंगा वाळक्या लाकडात घर कोरतो. भुंग्याचा मध आपल्याला मिळत नाही. परंतु वांग्याच्या फुलातील पराग तो अंग थरथरवून झाडतो. हे काम मधमाशीला जमत नाही. मग परसातल्या वांग्याचा खरा वाली कोण?

महाबळेश्वरजवळच्या मांघरला २०२२ साली ‘मधाचे गाव’ हा मान मिळाला. पनवेलचे मांघर होणार नाही, हे उघड आहे. येथे वाडे गेले, भातखाचरांवर इमारती उभ्या राहिल्या. पण पोकळ बुंधा राखणे, शेवगा आणि तुळस लावणे, उथळ थाळीत खडे घालून पाणी ठेवणे, बहरलेल्या झाडावर विषारी फवारा न मारणे, एवढे कोणालाही जमेल. आग्या माश्या हंगाम सरला की आपणहून स्थलांतर करतात. मोहोळ वाटेत नसेल तर तोवर थांबावे. असेल तर जाणकाराला बोलवावे.

सोसायटीच्या सभेत एवढे मांडणारे चार तरुण आपल्यातून निघू नयेत काय?