तुमच्या झोपेचा पत्ता काय?

सध्या ज्याला त्याला आपल्या झोपेची काळजी! हातातलं घड्याळ झोपेला मार्क देतं, एचआर वेलनेसचे मेल धाडतं आणि घरी आई ओरडते, ‘तो मोबाइल ठेव आधी!’ तिघांचा सूर एकच. झोप नीट होत नाही, म्हणजे चूक तुमची. बॉस, इतकं सोपं असतं तर काय हवं होतं!

आमच्याच फ्लोअरचं बघा. एक जण बदलापूरहून येतो. रिक्षा, लोकल, परत रिक्षा... जाऊन-येऊन चार तास. रात्री साडेअकराला आडवा, पहाटे साडेपाचला उभा. एकीच्या लग्नाला वर्ष झालंय. नवरा-बायको दोघंही आठला घरी पोचतात. मग तो सोफ्यावर, ती ओट्याशी. तिसरा अंधेरीत पाच जणांत फ्लॅट शेअर करतो. त्यातले दोघे नाइट शिफ्टवाले, म्हणजे पहाटे तीनला लॅच वाजणार, लाइट लागणार. आणि चौथा? ऑफिसपासून दहा मिनिटांवर, स्वतःची रूम, एसी, जाड पडदे. अप्रेझलमध्ये ‘हाय एनर्जी’चा शेरा कोणाला मिळाला असेल? ओळखलंत!

मोठ्या माणसाला रोज निदान ७ तास झोप हवी, असं अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१५मध्ये सांगितलं. कबूल. पण ते ७ तास आणायचे कुठून? ओट्याशी उभ्या असलेल्या मैत्रिणीचा हिशेब तर सरकारनंच मांडलाय. २०१९च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात रोजची सरासरी २९९ मिनिटं जात होती, घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. २०२४च्या पाहणीत हेच आकडे २८९ आणि ८८. दोघांचीही नऊ-दहा मिनिटं वाचली, मधलं अंतर मात्र जिथल्या तिथे!

आवाजाचंही तेच. रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल, असं २०००चा नियम सांगतो. हायवेला लागून खिडकी असलेल्या माणसाला हे वाचून दाखवा. तो हसेल, पण तुम्ही काय म्हणालात ते त्याला ऐकूच जाणार नाही.

या सगळ्यावर चेन्नईतला एक अभ्यास मला फार आवडतो. तो २०२१मध्ये प्रसिद्ध झाला. कमी उत्पन्न गटातल्या ४५२ जणांना डेटा एन्ट्रीचं काम दिलं आणि मनगटावर झोप मोजणारं यंत्र बांधलं. ही मंडळी रात्री सुमारे ८ तास अंथरुणात असत, पण झोप व्हायची साडेपाच तास. उकाडा, डास, आवाज... रात्रीत सरासरी ३१ वेळा झोपमोड! मग काहींना इअरप्लग, डोळ्यांवरची पट्टी, पंखा अशा गोष्टी दिल्या, चांगल्या सवयी समजावल्या. झोप २७ मिनिटांनी वाढली, पण कामावर किंवा मूडवर त्याचा काही फरक दिसला नाही. अंथरुणातला वेळ वाढला, तुकडे तुकडे तसेच राहिले. याउलट, ज्यांना कामाच्याच जागी, शांत कोपऱ्यात दुपारी अर्धा तास डुलकी काढू दिली, त्यांचं लक्ष, मूड आणि कामाचा वेग सुधारला. आता बोला!

म्हणजे प्रश्न नुसता तासांचा नाही, जागेचाही आहे. म्हणून म्हणते, ‘लवकर झोपत जा’ हा सल्ला पुरे झाला. बदलापूरवाल्याला हवाय आठवड्यातून दोन दिवस वर्क फ्रॉम होम किंवा अकराची एन्ट्री. नाइट शिफ्टवाल्याला हवंय पुढच्या महिन्याचं रोस्टर आधी, दर रविवारी रात्री मेसेजवर नको. फ्लॅटमेट्सना हवा एक साधा करार, साडेअकरानंतर हॉलचा लाइट बंद आणि फोनला हेडफोन. आणि सोफ्यावरच्या नवरोबा, तुमच्यासाठी काम सोपं आहे. रात्रीची भांडी तुमची!

यातलं काहीच मेलाटोनिनच्या गोळीत मिळत नाही, मागावं लागतं. पुढच्या रिव्ह्यूत ‘एनर्जी कमी वाटते’ असं कोणी म्हणालं, तर मान खाली घालू नका. आपला पिन कोड, ट्रेनची वेळ आणि रोस्टर शांतपणे टेबलावर ठेवा. झोप तुमची असली, तरी तिचा हिशेब एकट्या तुमचा नाही.