दुर्मिळतेचा भाव आणि घामाचे मोल

जून २०१४ मध्ये अमेरिकेतील सिएटल येथे झालेल्या एका लिलावात १९७१ सालची प्लिमथ हेमी कुडा ही मोटार ३५ लाख डॉलरना विकली गेली. त्या वेळच्या दराने हे सुमारे २१ कोटी रुपये होतात. ही काही कोणा राजामहाराजासाठी घडवलेली मोटार नव्हती. तरुण गिऱ्हाइकांवर डोळा ठेवून काढलेल्या, कारखान्यातल्या पट्ट्यावर जुळवलेल्या गाड्यांपैकीच ती एक. मग एवढा भाव कशामुळे? या प्रश्नाचे उत्तर अवघड नाही. परंतु त्या उत्तरातून जो दुसरा प्रश्न उभा राहतो, तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

‘मसल कार’ हा प्रकार १९६४ च्या पाँटिॲक जीटीओपासून रूढ झाला, असे सामान्यतः मानतात. युक्ती सोपी होती. मध्यम आकाराच्या साध्या गाडीत दांडगे इंजिन बसवायचे आणि किंमत तरुणांच्या आवाक्यात ठेवायची. लवकरच कंपन्या-कंपन्यांत चढाओढ लागली. पण १९७० च्या सुमारास अशा गाड्यांच्या विम्याचे हप्ते भरमसाट वाढले, त्याच वर्षी हवेच्या प्रदूषणाविरुद्ध कडक कायदा झाला आणि १९७३ च्या तेलटंचाईने उरलीसुरली हौसही संपवली.

हेमी इंजिनासाठी मूळ किमतीवर जवळजवळ ९०० डॉलर जादा मोजावे लागत. साहजिकच १९७१ साली हे इंजिन असलेल्या, छप्पर दुमडता येणाऱ्या कुडा गाड्या अवघ्या ११ निघाल्या. शेव्हरोलेच्या १९६९ च्या कॅमॅरो झेडएल-१ ची कथा याहून वेगळी नाही. संपूर्ण ॲल्युमिनियमचे इंजिन असलेल्या या गाड्या एकंदर ६९ तयार झाल्या आणि त्याही विक्रेत्यांना खपता खपेनात. म्हणजे काल ज्या गाडीकडे गिऱ्हाइकाने पाठ फिरवली, तिचाच आज लिलावात उदोउदो होतो. अर्थशास्त्राच्या पुस्तकात उपयोगिता-मूल्य आणि विनिमय-मूल्य असा भेद आपण शिकतो. त्याचे याहून ठळक उदाहरण क्वचितच सापडेल. कोट्यवधींची ही गाडी बहुधा रस्त्यावर फारशी धावतही नाही.

येथेच दुसरा प्रश्न येतो. गाडी अस्सल आहे, हे ठरवायचे कसे? चौकटीवरचा क्रमांक आणि इंजिनावरचा क्रमांक जुळला पाहिजे. त्याशिवाय एका कागदाला फार मान आहे. गाडीत कोणते इंजिन, कोणता रंग, कोणती आसने बसवायची, याच्या सूचना पट्ट्यावरील कामगारांना देणारा हा तक्ता. काम झाल्यावर तो पुष्कळदा आसनाच्या स्प्रिंगांत किंवा गालिच्याखाली तसाच राहून जाई. कामगाराच्या हातचा तो चिटोरा सापडला, की गाडीचा भाव चढतो. कागद मोलाचा ठरला. ज्या हातांनी तो हाताळला, ते हात मात्र कोणाच्या हिशेबात नाहीत.

हे हात कोणाचे होते? हेमी कुडा तयार झाली ती डेट्रॉइटने जवळजवळ चहूबाजूंनी वेढलेल्या हॅमट्रॅमक गावच्या ‘डॉज मेन’ कारखान्यात. मे १९६८ मध्ये पट्ट्याचा वेग वाढवल्याच्या निषेधार्थ तेथे कामगारांनी अचानक काम बंद पाडले, आणि त्यातूनच कृष्णवर्णीय कामगारांची ‘ड्रम’ ही लढाऊ संघटना उभी राहिली. १९८० मध्ये कारखाना बंद झाला. त्याच परिसरात जनरल मोटर्सचा नवा कारखाना उभारायचा म्हणून १९८१ मध्ये पोलटाउन वस्तीतील ४,००० हून अधिक माणसांना घरे सोडावी लागली. आणि सिएटलला हातोडा पडला त्या जून महिन्यात डेट्रॉइट शहराची दिवाळखोरी न्यायालयात चालू होती. पालिकेच्या निवृत्त नोकरांकडून निवृत्तिवेतनातील कपातीवर मते मागवली जात होती.

संग्राहकांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. त्यांनी पैसा ओतला नसता, तर यांतल्या कित्येक गाड्या भंगारात गेल्या असत्या, हे मान्यच केले पाहिजे. भाव असतो म्हणून जतन होते. परंतु जतन कशाचे होते, हेही पाहावयास हवे. गाडीचा मूळ रंग जपला जातो, एकेक बोल्ट शोधून आणला जातो, मालकांची परंपरा अभिमानाने सांगितली जाते. मग तीच परंपरा कारखान्याच्या दारापासून का सांगू नये? लिलावाच्या पुस्तिकेत कारखान्याचे नाव, तेथील कामाची परिस्थिती आणि त्या गावाचे पुढे काय झाले, एवढे जरी छापले, तरी कोणाचे काय नुकसान होणार आहे?

जुन्या वस्तूची किंमत तिच्या इतिहासामुळे वाढते, असे बाजारच म्हणतो. तसे असेल, तर त्या इतिहासाची सुरुवात पहिल्या मालकापासून करता येणार नाही. ती गाडी जुळवणाऱ्या कामगारापासूनच करावी लागेल.