दिलेला शब्द

मे महिन्यातल्या संध्याकाळी नाशिकच्या गोदाघाटावर, यशवंतराव महाराज पटांगणात वसंत व्याख्यानमाला भरते. उकाडा असतो, तरी माणसं बसून ऐकतात. हे ऐकणं आटत चाललंय का, या शंकेतून आमचा हा बोलण्यावरचा अंक निघाला.

प्रचारसभा संपली की दुसऱ्या दिवशी आठवतो तो एखादा टोमणाच. (आमच्या चहाच्या गप्पाही फार वेगळ्या नाहीत, हे कबूल.) म्हणून टिकलेल्या शब्दाच्या शोधात आम्ही येवल्याकडे वळलो. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी तिथल्या परिषदेत बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही, असं जाहीर केलं. त्यामागे काळाराम मंदिराच्या दारात १९३० पासून चाललेला सत्याग्रह होता. पुढे २१ वर्षं अभ्यास, चर्चा, टीका. आणि मग १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा. एका वाक्याला इतकी वर्षं जपणारा राजकारणी आज शोधावा लागेल.

पण अंक केवळ व्यासपीठाचा नाही. ग्रामसभेतला प्रश्न, लासलगावच्या लिलावात पुकारलेला कांद्याचा भाव, जेवताना घरात मोडलेला अबोला, हेही आम्ही बोलण्यातच धरलंय. कुणी दिलेला आणि पाळलेला शब्द तुम्हाला आठवतो का? आम्हाला कळवा. दोन ओळीही चालतील.