पाण्याचा हिशेब आणि मातीची थकबाकी

प्रवरा नदीवरील निळवंडे धरणाच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण २६ ऑक्टोबर २०२३ रोजी झाले. १९७० साली ज्याची कल्पना पुढे आली, त्या प्रकल्पाचे पाणी शिवारापर्यंत येण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागावा, ही गोष्ट राज्याच्या नियोजनाला खचितच भूषणावह नाही. तथापि सात तालुक्यांतील १८२ गावांची दीर्घ प्रतीक्षा फळास आली, याचा आनंद स्वाभाविक होता. महिनाभरातच याच खोऱ्यातील धरणांतून जायकवाडीस पाणी सोडण्याचा प्रश्न उभा राहिला आणि नगर, नाशिक व मराठवाडा यांच्यातील जुना वाद पुन्हा पेटला. २००५ च्या कायद्यातील समन्यायी वाटपाच्या तत्त्वाचा कीस काढला गेला आणि पाण्याचा थेंब न् थेंब मोजला गेला. हे पाणी ज्या मातीवर पडावयाचे, तिचा विचार मात्र या साऱ्या गदारोळात कोणाच्या मनातही आला नाही. वस्तुतः या जिल्ह्याचे भवितव्य पाण्याइतकेच मातीवर अवलंबून आहे, आणि मातीचा इतिहास पाहिला तर निश्चिंत राहावे अशी परिस्थिती नाही.

२०२४ साली अहिल्यानगर हे नाव मिळालेला पूर्वीचा अहमदनगर जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. त्याच्या पश्चिमेस अकोले तालुक्यात कळसूबाईचे शिखर आणि घाटमाथ्यावर तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. तर पूर्वेकडे पाथर्डी, कर्जत भागात सुमारे पाचशे मिलिमीटर, आणि तोही बेभरवशाचा. खाली सर्वत्र एकच बेसॉल्टचा काळा पाषाण आहे. परंतु त्याच्या झिजेतून तयार झालेली माती ठिकठिकाणी निराळी. डोंगरउतारावर वीतभर मुरमाड थर, माळावर बरड, मधल्या पट्ट्यात मध्यम काळी आणि प्रवरा-गोदावरीच्या काठी नद्यांनी हजारो वर्षे आणून टाकलेल्या गाळाची कित्येक हात खोल जमीन. दोन शेजारच्या गावांचे नशीब निराळे का, याचे उत्तर पुष्कळदा पावसाच्या आकड्यांत नसून मातीच्या खोलीत असते.

या खोल मातीचे मोल माणसाने फार पूर्वीच ओळखले होते. संगमनेरजवळील जोर्वे, श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद आणि ज्ञानेश्वरीमुळे महाराष्ट्राला परिचित असलेले नेवासे येथील उत्खननांनी हे सिद्ध केले. इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकाच्या सुमारास भरभराटीस आलेल्या जोर्वे संस्कृतीचे शेतकरी याच काठांवर धान्य पिकवीत होते. इसवी सनापूर्वी एक हजारच्या सुमारास या खोऱ्यातील त्यांच्या बहुतेक वसाहती ओस पडल्या. हवामान कोरडे होत गेले आणि शेती साथ देईनाशी झाली, असे मत अभ्यासकांनी मांडले आहे. सुपीक म्हणून नावाजलेली भूमीही माणसाला कायमचा आसरा देतेच असे नाही, हा धडा या जिल्ह्याच्याच भूमीत पुरलेला आहे.

आज या मातीवर दोन बाजूंनी संकट आहे. वरच्या अंगाला ती वाहून जात आहे आणि खालच्या अंगाला ती बिघडत आहे. प्रवरेच्या काठी गाळाच्या जाड थरांत पावसाच्या पाण्याने खोल ओघळी आणि घळी कोरल्या आहेत. गेल्या काही दशकांत यंत्रे लावून त्यांतील कितीतरी घळी सपाट करण्यात आल्या आणि त्या जमिनीवर पिके उभी राहिली. परंतु या सपाटीकरणात वरची कसदार माती खाली गाडली जाते, चुनखडीचे खडे वर येतात, आणि पाण्याला वाट ठेवली नसेल तर एखाद्या मोठ्या पावसात नवी ओघळ पडते.

खालच्या अंगाचे दुखणे अधिक गंभीर, कारण ते प्रगतीच्या मार्गानेच आले. १९२६ साली भंडारदरा धरण पूर्ण झाले, कालव्याखाली ऊस बहरला, आणि १९५० मध्ये प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखान्याचे युग सुरू झाले. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या या कार्याचे महत्त्व कोणीही नाकारू नये. पण काळी माती पाणी धरून ठेवते, त्याचा निचरा सहजी होऊ देत नाही. बारमाही ओलिताने भूजलाची पातळी वर येते, पाण्याबरोबर विरघळलेले क्षार वर चढतात, उन्हाने पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. प्रथम जमिनीवर पांढरा थर दिसू लागतो. पुढे ती चोपण होते. भिजली की चिखल आणि वाळली की दगड, अशी तिची अवस्था होते.

हे कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. शेजारच्या नीरा खोऱ्यात १८८५ साली डावा कालवा सुरू झाला आणि पंचवीस वर्षांतच तेथील जमिनी खारावल्या. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान व त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातील क्षारपड जमिनींवरील आपला अभ्यास १९१० मध्ये प्रसिद्ध केला. भंडारदऱ्याचे काम सुरू झाले तेही १९१० मध्येच! इशारा आणि कुदळ एकाच वर्षी उचलली गेली; पुढे कुदळीचे काम तडीस गेले, इशारा मात्र दप्तरातच राहिला.

त्यानंतर उपाय झाले नाहीत असे म्हणता येणार नाही. परंतु ते प्रायः सर्व मातीला एकच औषध देणारे होते. १९४२ च्या जमीन सुधारणा कायद्यान्वये आणि पुढे १९७२ च्या दुष्काळात बांधबंदिस्ती मोठ्या प्रमाणावर झाली. हलक्या जमिनीत तिचा उपयोग झाला. भारी काळ्या जमिनीत मात्र बांधाशी पाणी तुंबून पिके सडली आणि शेतकऱ्यांनीच बांध फोडले. २०१७ पासून धरणांतील गाळ काढून शेतांत टाकण्याची योजना आली. योजना उपयुक्तच आहे. पण तो गाळ म्हणजे वरच्या गावांची वाहून आलेली माती होय, हे कोणी लक्षात घेत नाही. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत नत्र, स्फुरद, पालाश, सामू, क्षारता यांची नोंद होते. मातीची खोली किती आणि खाली निचरा होतो की नाही, हे ओलिताच्या दृष्टीने निर्णायक असलेले दोन प्रश्न तीत विचारलेच जात नाहीत.

पिढ्यान् पिढ्या कोरड्या राहिलेल्या गावाला पाणी पोहोचताच संयमाचा उपदेश करणे अन्यायाचे आहे, असा आक्षेप येईल, आणि त्यात तथ्य आहे. उसाला हमखास गिऱ्हाईक आहे. ज्वारी-हरभऱ्याला ते नाही. तेव्हा शेतकरी ऊस लावतो, तो अज्ञानामुळे नव्हे. पण म्हणूनच हा भार एकट्या शेतकऱ्यावर टाकता येणार नाही. याच जिल्ह्यातील हिवरे बाजारने डोंगरउतारावर समतल चर खणले, शेतीसाठी कूपनलिका आणि ऊस यांवर बंदी घातली, आणि दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडण्याची प्रथा पाडली. नियम सर्वांनी मिळून केला आणि त्याचा लाभ डोळ्यांना दिसला, तर गाव तो पाळते, हे तेथे सिद्ध झाले आहे.

निळवंड्याच्या लाभक्षेत्रात हीच दृष्टी आजच ठेवावयास हवी. चारीचे पाणी सोडण्यापूर्वी प्रत्येक शिवारातील मातीची खोली व निचरा यांची पाहणी व्हावी, आणि तिचा नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागावा. निचऱ्याच्या चरांचा खर्च कालव्याच्या मूळ खर्चात धरावा. जमीन खारावल्यावर जिप्समची पोती वाटण्यापेक्षा तो कमीच भरेल. जेथे निचरा नाही तेथे बारमाही पिकाला पाणी नसावे; आणि त्या बदल्यात तेथील ज्वारी, हरभरा, तेलबिया यांच्या खरेदीची हमी शासनाने द्यावी. डोंगरउतारावरील अकोल्याच्या गावांना माती अडविण्यासाठी निधी मिळावा, कारण त्यांनी राखलेली मातीच खालच्या धरणाचे आयुष्य वाढविणार आहे.

पाण्याची तूट एखाद्या चांगल्या पावसाळ्याने भरून निघते. गेलेल्या मातीची तूट मात्र शतकांनी भरते, आणि तोवर कर्ज फेडणारे हात निराळेच असतात. कालव्याची लांबी मोजून विकासाचे माप घेणाऱ्यांनी त्याच्या दोन्ही काठांवरील मातीची थकबाकीही एकदा हिशेबात मांडावी. ती जितक्या उशिरा मांडली जाईल, तितकी ती वाढलेली असेल.