मलिक अंबरचे बालपण

निजामशाहीचा वजीर, मोगलांना जेरीस आणणारा सेनानी आणि खडकी वसवणारा मलिक अंबर मुलांना ठाऊक असतो. इथिओपियातल्या या मुलाला गुलाम म्हणून एकाहून अधिक वेळा विकले गेले, हे मात्र वर्गात एका वाक्यात उरकते. पोर्तुगीजांच्या गोव्यातही आफ्रिकेतून आणलेली माणसे विकली जात. तिथून निसटलेल्यांचे वंशज मानले जाणारे सिद्दी आज कर्नाटकातल्या यल्लापूर-हल्याळच्या रानात राहतात, कोकणी बोलतात. अनुसूचित जमातीचा दर्जा त्यांना मिळाला तो २००३ साली! जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेत दास्यमुक्तीसाठी झटलेल्यांना अर्पण केले, कारण गुलामांचे दुःख त्यांना परके वाटले नाही. शिक्षकांनो, अंबरच्या लढायांआधी त्याचे बालपण शिकवा, आणि सिद्दींचा धडा भूतकाळात संपवू नका.