निकालाचा छेद

दहावीचा निकाल लागला की आठवडाभर नाशिकच्या शाळांची फाटकं फ्लेक्सनी झाकून जातात. वर संस्थाचालक, मध्ये गुणवंतांचे फोटो आणि खाली ठळक अक्षरांत ‘शाळेचा निकाल १०० टक्के’. कॉलेज रोडवर हे दिसतं, तसंच सातपूर-अंबडच्या कामगार वस्तीतही. मला मात्र प्रत्येक फ्लेक्ससमोर आमच्या गणिताच्या बाई आठवतात. उत्तर अर्धवट लिहिलं की त्या विचारायच्या, “अंश मांडलास, छेद कुठाय?”

दहावीच्या निकालाचा छेद म्हणजे मार्चमध्ये परीक्षेला बसलेली मुलं. दोन वर्षांपूर्वी त्याच शाळेत आठवीच्या बाकांवर असलेली मुलं नव्हेत. पन्नासातली चाळीसच परीक्षेपर्यंत पोहोचली आणि चाळीसही पास झाली, तरी निकाल शंभर टक्केच. उरलेल्या दहांची त्या आकड्याला खबरही नसते.

ही दहा मुलं गळतात कुठे? बहुधा नववीत. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना धरून ठेवतो, आठवीनंतर त्याचा हात सुटतो. पालिकेच्या बहुतेक शाळा प्राथमिक, त्यामुळे पुढच्या वर्गासाठी मुलाला दुसऱ्या शाळेचं दार ठोठावावं लागतं. तिथे वाचन कच्चं दिसलं की निकालाची धास्ती सुरू होते. मग पालकांना बोलावून गोड शब्दांत सुचवलं जातं, “दाखला घेऊन जा, सतरा नंबरचा फॉर्म भरा.” हा फॉर्म शाळा सुटलेल्यांना बाहेरून परीक्षा देता यावी म्हणून आहे. परत येण्यासाठी ठेवलेलं हे दार काही ठिकाणी बाहेर काढण्यासाठी वापरलं जातं.

आता ही मुलं कोणाची, ते पाहू. सातपूर-अंबडच्या आसपासच्या वर्गात खानदेशातून आलेलं मूल असतं, मराठवाड्यातलं असतं आणि घरी भोजपुरी बोलून शाळेत मराठीत उत्तरं लिहिणारंही असतं. बापाचं काम कंत्राटी, खोली भाड्याची. कंत्राट संपलं की खोली बदलते आणि खोलीबरोबर शाळाही. पेठ रोडच्या बाजूला पेठ-सुरगाण्याहून आलेल्या आदिवासी कुटुंबांची मुलं असतात. त्यांच्यातल्या अनेकांचं वर्ष शाळेच्या वेळापत्रकापेक्षा द्राक्षबागेच्या वेळापत्रकावर चालतं. ऑक्टोबर छाटणी झाली की दिंडोरी-निफाडच्या बागांना माणसं लागतात. मग विरळणी, घड बुडवण्याचं डिपिंग आणि शेवटी खुडा. खुड्याची ऐन धांदल फेब्रुवारी-मार्चची. २०२५ ची दहावीची परीक्षा होती २१ फेब्रुवारी ते १७ मार्च. एकाच महिन्यात नाशिकची द्राक्षं परदेशी जातात आणि ती खुडणाऱ्यांच्या मुलांची परीक्षा असते.

यात एक कागदी गंमत आहे. शिक्षण खात्याच्या संच मान्यतेत शाळेच्या शिक्षकांची पदं ठरतात ३० सप्टेंबरच्या पटावरून. मजुरांच्या टोळ्या बागांवर पोहोचतात त्यानंतर. म्हणजे सरकारी कागदावर वर्ग भरलेला आणि डिसेंबरात मागचे दोन बाक रिकामे. मुख्याध्यापकावर ताण दुहेरी. पट टिकला नाही तर शिक्षक अतिरिक्त ठरतात, निकाल घसरला तर खुलासा मागितला जातो. सगळ्यांना सामावून घेणारी शाळा या हिशोबात तोट्यात जाते आणि निवडून घेणारी फ्लेक्स लावते.

२०२५ साली राज्याचा निकाल ९४.१० टक्के, कोकण विभागाचा ९८.८२ आणि नाशिक विभागाचा ९३.०४. कोकणची पोरं हुशार, असं म्हणून आपण मोकळे होतो. पण कोकण विभागात जिल्हे दोनच. नाशिक विभागात चार आणि त्यांत सुरगाणा, पेठपासून नंदुरबारच्या धडगावपर्यंतचा डोंगरपट्टा. मला आणखी एक फरक दिसतो. कोकणातला चाकरमानी पिढ्यान्‌पिढ्या एकटा मुंबईला गेला. बायकामुलं गावी राहिली, मनीऑर्डर आली, शाळा चालू राहिली. आपल्याकडचा मजूर निघतो तो चूल, कोंबड्या आणि पोरांसकट.

नाशिकला या अडचणीवरचा उपाय नवा नाही. १९१४ साली मराठा विद्या प्रसारक समाज उभा राहिला, तेव्हा त्या मंडळींनी खेड्यातल्या मुलाच्या बुद्धीवर चर्चा केली नाही. त्यांनी त्याच्या राहण्या-जेवणाची सोय पाहिली आणि उदोजी मराठा बोर्डिंग काढलं. १९२० साली त्याच्या इमारतीची कोनशिला बसवायला कोल्हापूरहून राजर्षी शाहू महाराज आले होते. मुलाला रात्री कंदील, दोन वेळची भाकरी आणि एक पक्का पत्ता मिळाला की गुणांचं तो बघून घेतो, हे त्या पिढीला उमगलं होतं. आज आदिवासी विकासाचं राज्याचं आयुक्तालय याच शहरात आहे. तरी बागेवर निघालेल्या नववीतल्या पोराला “तू इथेच राहा, परीक्षा देऊन मग जा” असं सांगणारं छप्पर सहज सापडत नाही. नवे स्मार्ट बोर्ड जरूर लावा. पण डिसेंबर ते मार्च या चार महिन्यांचं बोर्डिंग त्याआधी उघडा.

आणि निकाल जाहीर करताना दोन आकडे द्या. बसलेल्यांपैकी किती पास झाले आणि दोन वर्षांपूर्वी आठवीत असलेल्यांपैकी किती. यासाठी नवं सर्वेक्षण नको. ‘सरल’ या सरकारी पोर्टलवर मुलामुलाची नोंद आहे, शिक्षक रात्र रात्र जागून ती भरतात. दुसऱ्या आकड्यात एखादी पालिकेची माध्यमिक शाळा नावाजलेल्या शाळेच्या पुढे निघाली, तर मला आश्चर्य वाटणार नाही.

तोवर खरा निकाल मुख्याध्यापकांच्या कपाटात पडून आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरात ‘शाळा सोडल्याचे कारण’ असा एक रकाना असतो. त्यात ‘पालकांचे स्थलांतर’ नाहीतर ‘सतत गैरहजर’ असं दोन शब्दांत लिहून पान उलटलं जातं. बाई विचारायच्या तो छेद या रकान्यात आहे. पुढच्या मे महिन्यात फ्लेक्स छापायला देण्याआधी तो एकदा मोजावा.